सासऱ्यांची ठासणीची बंदूक आणि सुनेला हवे असलेले रिव्हॉल्व्हर: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण देवगड तालुक्यातील, किनाऱ्यापासून थोड्या आत असलेल्या एका वाडीतील आहे. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून गावाचे नाव आणि काही तपशील गाळले आहेत. निर्णयांचा क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे. जमिनीच्या आणि परवान्यांच्या कामात सल्ला देणारा वकील म्हणून मी या कुटुंबाशी संबंधित होतो. अशा स्थितीतील घरे सिंधुदुर्गात आणि रत्नागिरीत बरीच असल्याने, कुटुंबाच्या संमतीने हे लिहीत आहे.

घरात सत्तरीच्या सासूबाई, चाळिशीच्या आतील सूनबाई, तेरा वर्षांचा मुलगा आणि सहा वर्षांची मुलगी अशी चार माणसे कायम राहत. सूनबाईंचे यजमान मालवाहू बोटीवर नोकरीला असल्याने वर्षातील बहुतेक महिने बाहेर असत. धाकटे दीर शेजारच्या वाडीत वेगळे घर करून शेती आणि आंब्याची बाग पाहत. घर जुने, चिऱ्याचे, पुढे पडवी आणि ओटी, मागे परसू आणि त्यापलीकडे कलमांची बाग. सर्वांत जवळचे घर हाकेच्या अंतरावर असले तरी पावसाळ्यात हाक तिथवर पोहोचत नाही.

सासऱ्यांच्या नावावर शेती संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना होता. कोकणात हा परवाना नवलाचा नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे आणि रानडुक्कर, माकडे व गवे यांचा उपद्रव असलेल्या आपल्या भागात पिढ्यान्‌पिढ्या असे परवाने दिले गेले आहेत. सासरे वारले तेव्हा ती बंदूक माजघराच्या भिंतीवर दोन खुंट्यांवर आडवी होती आणि पुढचे कित्येक महिने तिथेच राहिली. सासूबाईंच्या दृष्टीने ती घरच्या कर्त्या पुरुषाची खूण होती. खंडेनवमीला तिची पूजा होत असे. "तेंका इचारल्याशिवाय त्या बंदुकेक कोणी हात लावूक नाय," असे त्या मला म्हणाल्या, आणि हा नियम सासऱ्यांच्या हयातीत खरोखरच पाळला गेला होता. तो नियम माणसाबरोबर गेला आणि बंदूक भिंतीवर राहिली, हे घरात कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

प्रश्न

सूनबाई माझ्याकडे आल्या त्या वेगळ्याच कामासाठी. आंब्याच्या हंगामाआधी सलग काही रात्री कोणीतरी परसदारची कडी वाजवून जात होते, बागेतल्या मांगराचे (शेतघराचे) कुलूप एकदा तोडले गेले होते, आणि गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) हद्दीवरून भाऊबंदांतील एका घराशी जुना वाद होता. कडी वाजवणारा कोण हे कळले नव्हते, पण संशय होता. दोन मुलांना आणि म्हाताऱ्या सासूला घेऊन एकटी बाई त्या घरात रात्र काढते, तेव्हा कडीचा आवाज काय करतो हे वेगळे सांगायला नको. त्यांनी वर्तमानपत्रात महिलांसाठी बनवलेल्या हलक्या रिव्हॉल्व्हरबद्दल वाचले होते आणि त्याचा परवाना कसा मिळतो, कोणते शस्त्र घ्यावे, हे त्यांना विचारायचे होते.

बोलण्याच्या ओघात त्यांनी सहज सांगितले की, घरात एक बंदूक आहे, पण ती जुनी, ठासणीची, आपल्याला चालवता येत नाही. मग, मी पुढे विचारले म्हणून, हेही सांगितले की गणपतीत मुंबईहून आलेल्या चुलत भावंडांना दाखवण्यासाठी थोरल्या मुलाने ती खाली काढली होती. सासूबाई वेळेवर माजघरात आल्या आणि ओरडल्या. केप, म्हणजे घोड्याखाली बसणाऱ्या स्फोटक टोप्या, त्याच भिंतीतल्या कोनाड्यात तंबाखूच्या डबीत होत्या.

त्या क्षणी माझ्या मते या प्रकरणाचा विषय बदलला. कोणते पिस्तूल घ्यावे या प्रश्नाचे उत्तर आठवडाभराने दिले असते तरी चालले असते. भिंतीवरच्या बंदुकीचा प्रश्न त्याच दिवशी सोडवायला हवा होता.

पहिला निर्णय: भिंतीवरची बंदूक

इथे दोन गोष्टी एकत्र होत्या आणि दोन्ही गंभीर होत्या. पहिली कायद्याची. परवाना व्यक्तीचा असतो, घराचा नसतो. परवानाधारक वारला की घरातील इतरांनी ते शस्त्र जवळ ठेवणे बेकायदा ठरते, आणि कलम २१ प्रमाणे ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करावे लागते. जमा केल्याने शस्त्रावरचा हक्क जात नाही. वारसाला पुढे परवाना मिळाल्यास ते परत मिळते किंवा रीतसर विकता येते. सासूबाईंना हे तीन वेळा समजावून सांगावे लागले, कारण जमा करणे म्हणजे सरकारजमा होणे अशी त्यांची समजूत होती. हीच भीती अनेक घरांत बंदूक भिंतीवर ठेवायला कारण होते.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची, आणि ती ठासणीच्या बंदुकीच्या रचनेतून येते. काडतुसाची बंदूक उघडून ती भरलेली आहे की रिकामी हे पाहता येते. ठासणीच्या बंदुकीत दारू, बोळा आणि छर्रे नळीच्या तोंडातून गजाने ठासतात. एकदा भरली की बाहेरून काहीही दिसत नाही, आणि उडवल्याशिवाय ती सहजी रिकामीही होत नाही. त्यामुळे शेतकरी रात्री राखणीला जाताना भरतो, जनावर न आल्यास केप काढून तशीच भिंतीवर ठेवतो. केप नाही म्हणजे बंदूक रिकामी, असे घरातली माणसे धरून चालतात. मुलाने डबीतली एक केप निपलवर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला केप बसवायच्या बोंडावर, बसवली असती तर ती भरलेली, चालू स्थितीतील बंदूक झाली असती.

पर्याय तीन होते. घरच्यांनी ती उचलून मोटारसायकलवरून ठाण्यात नेणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट पर्याय होता. दुसरा, पोलीस येईपर्यंत तिला हात न लावणे. हा योग्य होता, पण मुले घरात होती आणि पोलीस नक्की केव्हा येतील हे सांगता येत नव्हते. तिसरा, ठाण्यात फोनवर आणि लेखी कळवून, पोलीस पाटलांच्या उपस्थितीत, गावातील एका परवानाधारक निवृत्त हवालदारांकडून ती आधी निर्धोक करून घेणे. ठाणे अंमलदाराच्या संमतीने तिसरा पर्याय स्वीकारला.

हवालदारांनी काय केले हे मी जवळून पाहिले, आणि ते सविस्तर सांगणे योग्य वाटते. त्यांनी आधी मुलांना आणि बायकांना पुढच्या अंगणात पाठवले. बंदूक खुंटीवरून उतरवताना नळी सतत मागच्या, बागेकडील चिऱ्याच्या भिंतीकडे राहील याची काळजी घेतली आणि बोट चापाच्या कडीबाहेर दस्त्याला समांतर ठेवले. घोड्याखाली केप नाही हे पाहिले. मग बंदुकीचाच गज नळीत हळू सोडला, नळीच्या तोंडाशी गजावर अंगठा धरला आणि गज बाहेर काढून तो नळीच्या बाहेरून लावून पाहिला. गज निपलच्या रेषेपर्यंत जायला हवा होता. तो सुमारे चार बोटे अलीकडे थांबला होता.

"भरलेली आसा," एवढेच ते म्हणाले. सूनबाई दारात उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग गेलेला मी पाहिला.

बंदूक घरात रिकामी करायला त्यांनी स्पष्ट नकार दिला. नळीच्या तोंडातून आणि निपलमधून पाणी सोडून दारू भिजवली, आणि तरीही ती भरलेलीच आहे असे समजून, नळी सुरक्षित दिशेला ठेवून, पोलिसांच्या गाडीतून ठाण्यात पोहोचवली. केपची डबी आणि उरलेली दारू वेगळी नेली. ठाण्यातून जमा केल्याची पावती घेतली. ती पावती पुढे वारसाच्या अर्जात लागली. कोळसा, गंधक आणि सोरा यांची ही दारू जुनी झाली म्हणजे निकामी झाली, असे गावाकडे अनेकांना वाटते. कोकणच्या दमट हवेत ती सर्दावते हे खरे, पण सर्दावलेली दारू पेटतच नाही असे नाही. ती उशिराही पेटू शकते, आणि चाप ओढूनही बार न उडाल्यास नळीत डोकावणारा माणूस त्यामुळेच जखमी होतो.

दुसरा निर्णय: हातातले शस्त्र घ्यावे का, आणि कोणते

बंदूक ठाण्यात गेल्यावर सूनबाईंचा मूळ प्रश्न तसाच उभा होता, आणि तो टाळणे मला अन्यायाचे वाटले असते. रात्री कडी वाजत होतीच. त्यांना भीती दाखवून घरी पाठवणे किंवा "बाईमाणसाला कशाला पिस्तूल" असे म्हणणे, जे त्यांना एक-दोन ठिकाणी ऐकावे लागले होते, हे दोन्ही चूक होते. कायदा अर्जदार स्त्री की पुरुष असा भेद करत नाही.

परवान्याची बाजू अशी होती. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हरसाठी अर्जदाराला पुरेसे कारण असल्याची परवाना प्राधिकाऱ्याची खात्री व्हावी लागते. तो निर्णय जिल्हादंडाधिकाऱ्यांचा, आणि त्याआधी पोलिसांचा अहवाल असतो. अर्जदाराचे वय किमान २१ असावे लागते. शस्त्र नियम २०१६ मध्ये शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा आणि घरी शस्त्र सुरक्षित ठेवण्याच्या हमीचा समावेश आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली. सूनबाईंकडे मात्र कडी वाजल्याची किंवा कुलूप तुटल्याची एकही लेखी तक्रार नव्हती. तक्रारच नाही तर धोका आहे हे कागदावर कसे दिसणार?

शस्त्रांच्या निवडीबद्दल आम्ही एका परवानाधारक विक्रेत्याशी बोललो. सर्वसामान्य नागरिकाला ९ मिलिमीटर किंवा .३८ बोअरची (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास) शस्त्रे मिळत नाहीत. ती प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतात. निवड मुख्यतः .३२ आणि .२२ यांतच होते. सूनबाईंनी वाचलेले रिव्हॉल्व्हर म्हणजे कानपूरच्या आयुध निर्माणीने २०१४ मध्ये महिलांना समोर ठेवून आणलेले 'निर्भीक': .३२ बोअर, सहा गोळ्या, वजन सुमारे अर्धा किलो, आणि त्या वेळची किंमत सव्वा लाखाच्या घरात. इशापूरच्या रायफल फॅक्टरीचे .२२ चे 'निडर' त्याहून कितीतरी हलके. २०२३ मध्ये आलेल्या 'प्रबळ' या .३२ रिव्हॉल्व्हरचे सिलिंडर, म्हणजे गोळ्यांचे कप्पे असलेला फिरता गोल भाग, बाजूला उघडते, त्यामुळे भरणे व रिकामे करणे सोपे जाते. याशिवाय 'अशनी' हे .३२ चे मॅगझिनचे, म्हणजे गोळ्यांची पेटी मुठीत बसणारे, पिस्तूल.

रिव्हॉल्व्हर की पिस्तूल, या प्रश्नावर माझे मत घराच्या बाबतीत रिव्हॉल्व्हरकडे झुकते, आणि त्याचे कारण साधे आहे. सिलिंडर उघडले की सर्व कप्पे डोळ्यांसमोर असतात. पिस्तुलातून मॅगझिन काढले तरी एक गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या कप्प्यात, राहू शकते, आणि रिकामे समजून चाप ओढल्याने होणारे अनेक अपघात याच एका गोळीने होतात. शिवाय पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढायला मनगटात जोर आणि सराव लागतो. ज्याला ती पूर्ण ओढता येत नाही त्याच्या हातात ते शस्त्र भरवशाचे राहत नाही.

हलके म्हणजे बाईच्या हाताला सोपे, ही जाहिरातीतली समजूत मात्र बाजूला ठेवायला हवी. शस्त्र जितके हलके तितका त्याच बोअरचा धक्का हाताला अधिक जाणवतो, आणि आखूड नळीने नेम धरणे अधिक कठीण होते. .२२ चा धक्का सौम्य असतो, पण त्याचे काडतूस कडेवर ठोका बसून पेटणारे असल्याने न उडण्याची शक्यता .३२ च्या काडतुसापेक्षा जास्त असते. खरी अडचण चापाची. घोडा आधी न चढवता रिव्हॉल्व्हरचा चाप ओढायला सहसा चार ते सहा किलोचा जोर लागतो. घाटापलीकडच्या एका रायफल क्लबमध्ये प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली सूनबाईंनी दहा मीटरवर एअर पिस्तूल चालवून पाहिले. स्पर्धेच्या एअर पिस्तुलाचा चाप किमान ५०० ग्रॅमचा असतो, म्हणजे रिव्हॉल्व्हरच्या मानाने अगदीच हलका. तरी चाप ओढताना त्यांची नळी डावीकडे खाली जात होती आणि निम्मे छर्रे लक्ष्याच्या कागदाबाहेर गेले. प्रशिक्षकांनी त्यांना समजावले की हे प्रत्येक नवशिक्याचे होते आणि सरावाने सुधारते. जकार्ता-पालेमबांगच्या २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवणाऱ्या राही सरनोबत याच घाटमाथ्यावरच्या कोल्हापूरच्या. बाईच्या हाताला पिस्तूल पेलत नाही असे म्हणणाऱ्यांना एवढे उत्तर पुरे. प्रश्न सरावाचा होता, आणि सराव करायचा तर दर वेळी घाट चढून जायचे, तेही दोन मुले आणि बाग सांभाळून.

यानंतर आम्ही घरातच बसून एक प्रत्यक्ष तालीम केली, शस्त्राशिवाय. सूनबाई झोपतात ती खोली, परसदार, मुले झोपतात ती जागा, आणि शस्त्र ठेवायचे लोखंडी कपाट. सहा वर्षांची मुलगी घरात असताना शस्त्र कुलपात आणि काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवण्याला पर्याय नाही. एवढे लहान मूलही दोन्ही हातांनी चाप ओढू शकते, आणि उंचावर ठेवलेली वस्तू मुलांना सापडत नाही असे मानणाऱ्यांनी त्या घरातला गणपतीतला प्रसंग आठवावा. अंधारात दोन कुलपे उघडून, काडतुसे भरून दारापर्यंत यायला जो वेळ लागला, तेवढ्यात दार फोडणारा माणूस माजघरात आलेला असता. उलट शस्त्र भरून उशाशी ठेवले तर ते चोराच्या आधी मुलीच्या हाताला लागण्याचा धोका रोज रात्रीचा. अनेक घरांत हा तिढा दार मजबूत केल्यावरच सुटतो, कारण दार जितका वेळ टिकते तितका वेळ माणसाच्या हाती येतो.

कोकणातल्या हवेचाही विचार झाला. धो धो पाऊस पडणाऱ्या किनाऱ्यावर शस्त्र चामड्याच्या म्यानात ठेवले की चामड्यातला ओलावा धरून त्यावर गंज चढतो. ते पुसून, तेल लावून, कोरड्या पेटीत ठेवावे लागते. निवडणुकीच्या काळात परवानाधारकांना शस्त्र ठाण्यात जमा करण्याचे आदेश येतात आणि ते आठवडे घर शस्त्राशिवायच असते, ही बाबही हिशेबात घ्यावी लागली.

केलेली कृती

सूनबाईंनी अर्ज त्या वेळी न करण्याचे ठरवले. हा निर्णय त्यांचा होता. मी फक्त दोन्ही बाजू मांडल्या. यजमानांचे मत बोटीवरून फोनवर सुरुवातीला वेगळे होते. रिव्हॉल्व्हर आपल्या नावावर घ्यावे म्हणजे घरात राहील, असे त्यांचे म्हणणे होते. परंतु ते स्वतः वर्षातून जेमतेम तीन महिने घरी, आणि त्यांच्या नावाच्या परवान्यावर पत्नीला ते शस्त्र बाळगता किंवा वापरता येत नाही, हे कळल्यावर तो विचार मागे पडला.

त्याऐवजी प्रथम ठाण्यात लेखी तक्रार दिली आणि कडी वाजण्याच्या प्रत्येक घटनेची तारीख-वेळ वहीत लिहायला सुरुवात केली. परसदारच्या जुन्या कडीच्या जागी आतून आडणा आणि बाहेर लोखंडी जाळीचे दार बसवले. ओटी आणि माजघर यांमधले दार, जे वर्षानुवर्षे उघडेच असे, ते रात्री आतून बंद होऊ लागले. परसात हालचालीने लागणारा दिवा आला. ११२ क्रमांक, पोलीस पाटील आणि धाकटे दीर, या क्रमाने कोणाला फोन करायचा हे मुलालाही शिकवले. हद्दीच्या वादासाठी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज केला, कारण मुळावर हात न घालता फक्त दारे भक्कम करण्यात मला अर्थ वाटत नव्हता.

ठासणीच्या बंदुकीसाठी धाकट्या दिरांनी वारस म्हणून अर्ज केला. आई, भाऊ आणि बहिणींची संमतीपत्रे जोडावी लागली. शेती तेच करत असल्याने पीक संरक्षणाचे कारण खरे होते. त्यांच्या घरी मुले मोठी असली तरी बंदूक कुलपाच्या कपाटात, आणि दारू व केप दुसऱ्या जागी कुलपात, ही अट सूनबाईंनीच भावोजींना घातली आणि त्यांनी ती मान्य केली.

परिणाम

दिरांना परवाना मिळायला बरेच महिने लागले. ओरोसच्या, म्हणजे जिल्ह्याच्या मुख्यालयाच्या, फेऱ्या झाल्या, एकदा अहवाल परत आला. शेवटी बंदूक ठाण्यातून त्यांच्या ताब्यात आली. सासूबाईंची नाराजी पहिल्या खंडेनवमीपर्यंत टिकली. त्या दिवशी पूजा धाकट्या मुलाच्या घरी झाली आणि त्या तिथे गेल्या.

मोजणी होऊन हद्दीच्या खुणा बसल्यानंतर कडी वाजण्याचे प्रकार थांबले. त्यामागे तोच वाद होता हे सिद्ध झालेले नाही, आणि सिद्ध न झालेले आरोप इथे लिहिणे योग्य नाही. दिव्यामुळे, तक्रारीमुळे की मोजणीमुळे हे थांबले, हे ठरवण्याइतका पुरावा माझ्याकडे नाही. सूनबाई आता रात्री झोपतात, असे त्या सांगतात.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठी संधी सासऱ्यांच्या हयातीतच होती. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवानाधारकाचे वय सत्तर झाले किंवा शस्त्र त्याच्याकडे पंचवीस वर्षे राहिले की, तो जिवंत असतानाच आपल्या वारसाला परवाना मिळावा यासाठी नाव देऊ शकतो. सासऱ्यांच्या बाबतीत दोन्ही अटी पूर्ण झाल्या होत्या. बंदूक त्यांच्याच हातून, रिकामी करून, धाकट्या मुलाकडे गेली असती आणि गणपतीतला तो प्रसंग घडला नसता. ज्या घरात वडीलधाऱ्यांच्या नावावर बंदूक आहे तिथे हा अर्ज आजच करता येतो, आणि त्यात वडीलधाऱ्यांच्या मानाला धक्का लागत नाही. उलट बंदूक कोणाला द्यायची हे तेच ठरवतात.

तक्रार पहिल्याच रात्रीनंतर द्यायला हवी होती. गावात पोलिसांकडे जाणे कमीपणाचे मानतात, विशेषतः भाऊबंदांचे नाव येणार असेल तर. पण पुढे शस्त्र परवाना मागायचा असो वा नसो, लेखी नोंद नसलेला त्रास कोणत्याही कार्यालयात मोजला जात नाही.

हातातल्या शस्त्राविषयी मी हेही लिहून ठेवतो की, या घरात ते नाकारले गेले म्हणजे सगळीकडे नाकारावे असे नाही. घरात लहान मूल नसते, धोका ओळखीच्या माणसाकडून आणि नोंदलेला असता, आणि सूनबाईंना महिन्यातून दोनदा तरी सरावाला जाणे शक्य असते, तर मी त्यांच्या अर्जाला मदत केली असती, आणि .३२ चे, फार हलके नसलेले रिव्हॉल्व्हर सुचवले असते. घरात कोणी दारूच्या आहारी गेलेले किंवा खचलेल्या मनःस्थितीत असेल, तर मात्र परवाना असलेले शस्त्रही घराबाहेर, ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करावे, असा सल्ला मी विनासंकोच देतो. पीक संरक्षणाच्या जुन्या बंदुकांनाही तो तितकाच लागू आहे.

थोरल्या मुलाशी हवालदार एकदा निवांत बसून बोलले. बंदूक दिसली तर हात न लावता मोठ्या माणसाला सांगायचे, हे त्यांनी त्याच्याकडून वदवून घेतले, आणि नळीत थांबलेला गज दाखवून चार बोटांचे ते अंतर त्याला स्वतःच्या हाताने मोजायला लावले असते तर बरे झाले असते, असे त्यांनी मला नंतर सांगितले. ते शिक्षण सासऱ्यांच्या काळातच, मुलगा बंदुकीकडे टक लावून पाहू लागला तेव्हाच, सुरू व्हायला हवे होते. धाकट्या दिरांच्या घरी ते आता होते: दर वर्षी राखणीचा हंगाम सुरू होण्याआधी कपाट उघडताना गजाची ती तपासणी घरातल्या मोठ्या मुलांसमोर केली जाते.